बोरमाळेवरचं पान

आई,

तुझी बोरमाळ मी परत आणली. मागून आणली नाही, कोणाच्या पाया पडून आणली नाही, आणि कुणी दया येऊन माझ्या ओंजळीत टाकलीही नाही. भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, आमची आहे म्हणून घेतली. तुला हे आवडलं नसतं. ‘चूप राह्यजो’ हे तू मला जितक्या वेळा म्हणालीस, तितक्या वेळा नावानं हाकही मारली नसशील. पण आता तुझं ऐकलं नाही म्हणून रागवायला तू नाहीस. म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, आणि मध्ये थांबणार नाही.

वर्ध्याजवळ नालवाडीतल्या आपल्या दोन खोल्या. नव्वदीची सुरुवात, मी नववीत. बाबांची तेरवी होऊन तीन-चार दिवस झाले होते. पाहुणे गेले होते, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या तेवढ्या परत जायच्या होत्या. तू कणीक मळत होतीस. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बाहेरच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसले आणि मोठी आई सरळ स्वयंपाकघरात आली. ती जाम या गावाजवळच्या खेड्यातली, मालगुजाराच्या घरातली थोरली सून. मालगुजारी जाऊन किती वर्षं झाली होती, पण तिच्या बसण्यात ती अजून होती. ती पाटावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “ते सूर्यवाली माळ दे आता.”

तू तिच्याकडे पाहिलंस. मोठी आई बोलत राहिली. “आमच्या दरवाज्यावर जो सूर्य हाये, तोच त्या पदकावर हाये. घरची खूण हाये ते. इतके दिवस माझा दीर होता म्हणून मी बोलली नाई. सासूबाई आजारी होत्या तवा तू पंधरा दिवस आमच्याइथं होती. पेटीच्या किल्ल्या तुझ्याच कमरेले होत्या. मले सगळं समजते. नाई तं बोर्डिंगात पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या पोरीजोळ एवढं सोनं कुठून येईन?”

मी दारात उभी होते. तू काहीतरी बोलशील म्हणून मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते. तू हात धुतलेस. पदराला पुसलेस. तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलास आणि गाठ मारलेला रुमाल काढून तिच्या हातात दिलास. तिनं गाठ सोडून बघितलं, पुन्हा बांधली. निघताना मोठे बाबा पहिल्यांदा बोलले. खाली बघूनच बोलले. “खोल्याइची काळजी करू नोको. पोरीचं शिक्षण होईस्तोवर राहा आरामानं.” खोल्या त्यांच्या नावावर होत्या. मला ते त्या दिवशी माहीत नव्हतं. मला वाटलं, मोठे बाबा किती चांगले आहेत.

ते गेल्यावर मी विचारलं, “काऊन देली तू?” तू म्हणालीस, “तू चूप राह्यजो. अन् हे गोष्ट कुठं काढू नोको.” आणि परातीतला अर्धा गोळा माझ्याकडे सरकवून दिलास. मी रागानं इतकी मळली ती कणीक की पोळ्या वातड झाल्या. तू त्या तशाच खाल्ल्यास.

नंतरची सात वर्षं तू शिलाई मशीनवर काढलीस. शाळांचे गणवेश, ब्लाउज, पिको-फॉल. निळ्या कापडाचे कपटे घरभर असायचे, माझ्या वह्यांमध्ये, वरणात सुद्धा एकदा निघाला होता. बारावी झाले तेव्हा तू मला एक ड्रेस शिवून दिलास. शाळेच्या उरलेल्या कापडाचा नव्हे. बाजारात जाऊन आणलेल्या पिवळ्या कापडाचा, कॉलर असलेला. मी म्हटलं, कॉलर कशाला, मुली कुठं कॉलर घालतात? तू म्हणालीस, “मान वर राह्यते त्यानं.” मी हसले होते. ज्या बाईनं स्वतःची मान कधी वर केली नाही तिनं मला हे सांगावं, असं मनात आलं होतं. तेही आज सांगून टाकते.

मग तुझी कावीळ. दवाखान्यात अकरा दिवस. तू गेल्यावर महिन्याभरात मोठ्या बाबांचा निरोप आला की खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत. त्या निरोपानं माझ्या डोक्यात लख्ख झालं. ‘पोरीचं शिक्षण होईस्तोवर.’ माझी बी.कॉम.ची शेवटची परीक्षा त्याच उन्हाळ्यात झाली होती. तू त्यांना माळ दिलीस आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर ठेवून घेतलंस. एक शब्द न बोलता. हे मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, आई. मला राग आला, अजून आहे. त्यांचा आहेच, पण थोडा तुझाही. मी चौदा वर्षांची होते, तान्ही नव्हते. मला सांगितलं असतंस तर मी गप्पच बसले असते, पण निदान कशासाठी गप्प बसायचं ते मला माहीत असतं.

मी भाड्याची खोली बघितली आणि वर्ध्यातल्या एका सराफाच्या दुकानात कामाला लागले. आधी बिलं लिहायला, मग काउंटरवर. शेठ मारवाडी, तीन पिढ्यांपासून इथलेच, मराठी आपल्यासारखीच बोलत, पण रागावले की हिंदीत रागवायचे. ते दिवस हॉलमार्क नवा आल्याचे. दुकानावर मोठा फलक लागला, सरकारी त्रिकोणाची खूण असलेलं सोनं, जुनं द्या, नवं घ्या. बायका पिशव्यांमधून जुने दागिने मोडीत घालायला आणायच्या. शेठनी मला भिंग दिलं आणि शिकवलं. दागिना हातात आला की आधी त्याची पाठ बघायची. पुढून सगळेच चांगले दिसतात. मागे, कडीच्या आत, फाशाच्या, म्हणजे माळ अडकवायच्या पट्टीवर, कुठंतरी सोनारानं आपला ठसा मारलेला असतो. कोणाचं अक्षर, कोणाचं फूल, कोणाच्या नुसत्या दोन रेघा. त्यावरून माल कुठल्या गावचा, कोणाच्या हातचा, अंदाजे केव्हाचा, हे सांगता येतं. मला त्यात गोडी लागली. माझी एक वही होती. वेगळा ठसा दिसला की मी तो पेन्सिलनं मोठा करून काढायची आणि खाली लिहायची, आर्वीचा, पुलगावचा, नागपूरचा. मग तो दागिना मुशीत जायचा. ठसा वहीत राहायचा.

असं पाच-सहा वर्षं चाललं. आणि एका दुपारी दादा आला. मोठ्या आईचा मुलगा, माझा चुलत भाऊ. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. “तू हायेस म्हणून याच दुकानात आलो,” म्हणाला. “बाहेर कोणावर भरोसा ठेवाचा?” त्याच्या मनात काही नव्हतं. माळ घेऊन गेले त्या दिवशी तो तिथं नव्हताच. त्यानं प्लास्टिकच्या डबीतून ती बाहेर काढली आणि माझ्यासमोर लाल मखमलीच्या ताटात ठेवली. “आईनं देली. पोरीले जुनी फॅशन नाई पायजे. मोडून हॉलमार्कचा हार घेऊन टाकतो.”

मी वजन केलं, पावती केली. म्हटलं, “दादा, मण्यांत लाख भरलेली आहे. तपासायला वेळ लागेल. गुरुवारी ये. मोठ्या आईलाही आण, हार ती पसंत करेल.” हे खोटं नव्हतं. लाख होती, आणि वेळ लागणारच होता.

तो गेल्यावर मी भिंग डोळ्याला लावलं. आधी पदक उलटं केलं. पुढे तो सूर्य, डोळे-नाक-मिशा असलेला, त्यांच्या दरवाज्यावरचाच. मागे नागपूरच्या जुन्या पेढीचा ठसा, माझ्या वहीत तो आधीच होता. म्हणजे मोठी आई पदकाबद्दल खरं बोलत होती. मी पदक पुन्हा पुढून बघितलं, पुन्हा उलटं केलं. मग मी मणी घेतले. बोराएवढे पोकळ मणी, प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक पट्टीचं कडं. त्या कड्यावर ठसा होता, पण नागपूरचा नव्हता. तिळाएवढं एक पान. दुसऱ्या मण्यावर तेच पान. तिसऱ्यावर तेच. मग एकावर पान आणि पानाखाली टिंब. पुढच्या पुष्कळ मण्यांवर पान आणि टिंब. आणि मण्यांचा रंगही एक नव्हता. काही पिवळेधमक, काही किंचित तांबूस. मालगुजाराच्या घरची माळ असती तर एका बैठकीत, एका भट्टीतून निघाली असती. ही माळ एकदम झालीच नव्हती. कुणीतरी ती वर्षानुवर्षं थोडी थोडी करून घेतली होती. आणि मध्येच एका मण्यावर ते टिंब पानाच्या खाली नव्हतं, वर होतं.

मी वहीत ते सगळं काढलं. माळ तिजोरीत ठेवली. ती पर्समध्ये घालून बाहेर न्यायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू, पण ज्या घरावर एकदा चोरीचा आळ आला त्या घरच्या मुलीनं तसं करायचं नसतं. आमच्या दुकानात डाग देणारे, म्हणजे तुटलेला दागिना सांधणारे, एक म्हातारे कारागीर होते. त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, “पान? हे हिंगणघाटचं. मोडीत पाह्यलं मी दोन-चारदा. म्हातारा अजून हाये म्हणतात.” हिंगणघाट म्हणजे आजीचं, तुझ्या आईचं गाव. तिथल्या मुलांच्या बोर्डिंगात आजी पोळ्या लाटायची, आणि बाबा शिकायला तिथंच राहून तिच्या हातचं जेवत. मला एवढंच माहीत होतं. आजीला मी नीट पाहिलंही नव्हतं.

दुकान बंद असायचा दिवस सोमवार. सकाळच्या यष्टीनं हिंगणघाटला गेले. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. दुकान केव्हाच बंद झालेलं, त्या जागी त्यांचा नातू मोबाइलची कव्हरं विकत होता. म्हातारबुवा आत खाटेवर. ऐंशीच्या पुढचे, हात थरथरणारे, पण डोळ्यांवर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे नजर साफ. मी वही पुढे केली. त्यांनी ती उजेडाकडे नेली.

“हे पान माझ्या बापाचं,” ते म्हणाले. “दुकानापुढं कडुनिंब होता, त्याचं. टिंब मी. इंग्रज गेले त्याच वर्षी बापानं मले स्वतंत्र भट्टी देली. माझ्या हातचा माल वेगळा ओळखू याव म्हणून पानाखाली टिंब.” मग त्यांचं बोट त्या उलट्या ठशावर थांबलं. “हे तुले कुठं भेटलं?”

“एका बोरमाळेत, काका.”

“हा माझा पह्यला मणी होय, बेटा. टिंबाचा पंच वेगळा होता, तो पानाच्या उलट्या बाजूले मारला मी. टिंब वरतं गेलं. बापानं मले शिव्या देल्या अन् मणी वितळवाले उचलला. तं ते बाई म्हणे, राहू द्या.”

“कोण बाई?”

“बोर्डिंगातली स्वयंपाकीण. विधवा होती. दिवाळी झाली का ये, वर्षातून एकडाव. कधी दोन मणी करे, कधी एकच. जुने मणी दोऱ्यात ओवून सोबत आणे. म्हणे, जोडून पाह्य, बारीक झाला तं मी घेणार नाई. लय खटपटी बाई. मी तिले भेत होतो. तिनंच तो उलटा मणी मागून घेतला. म्हणे, मले वाचता येत नाई, पण उद्या माळ कुठं गेली-आली तं या टिंबावरून मले माझी ओळखता येईन.”

मी म्हटलं, “ती माझी आजी.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुढचं ते स्वतःच सांगू लागले. तुझ्या लग्नाच्या वेळी आजी जावयाला घेऊन त्यांच्या दुकानात आली होती. लाजाळू मुलगा, बोर्डिंगातलाच. त्यानं खिशातून सूर्याचं पदक काढलं. आपल्या आईनं घरच्यांना न सांगता दिलं म्हणाला, सुनेला माझ्याकडून म्हणून. “मीच ओवलं ते माळेत,” म्हातारबुवा म्हणाले. “तुझी आजी म्हणे, पदक मधात नोको, बाजूले टाक, मणी दिसले पायजे. मी म्हटलं, बाई, पदक मधातच शोभते. त्याच्यावरून बी भांडली माझ्याशी.” म्हणजे सूर्यही तुझाच होता, आई. तुझ्या सासूनं तुला दिलेला. ज्या सासूच्या पेटीतून तू तो चोरलास म्हणत होते, तिनंच.

मी विचारलं, हे वर्ध्याला येऊन सांगाल का? त्यांची सून आतूनच म्हणाली, “त्यायले यष्टीत चढता येत नाई.” म्हातारबुवा म्हणाले, “दोघांनी हात देल्ला तं चढता येते. माझा ठसा हाये. दुसरा कोण ओळखंन तो?”

आता गुरुवार. अकरा वाजले आहेत, दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. म्हातारबुवा नातवाला घेऊन आले आहेत आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आहेत. मी शेठना फक्त एवढं सांगितलं आहे की ओळखीचे आहेत. दादा येतो, मागून काठी टेकत मोठी आई. मोठे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. ती खूप वाकली आहे, पण बसते तशीच, पदर सारखा करून. मला बघून म्हणते, “इथं काम करतं का तू? बरं हाये. पोटापाण्याले लागली.” मी ताट आणते. माळ ठेवते. आणि म्हणते, “मोठी आई, ही माळ मोडीत जाणार नाही. ही माझ्या आजीची आहे.”

दादाला आधी कळतच नाही. मोठी आई मात्र लगेच ओळखते, काय चाललं आहे ते. “सूर्य पाह्य त्याच्यावर,” ती म्हणते. “अंधळी हायेस का?” काउंटरवरच्या बायका वळून बघतात. शेठ गादीवरून उठतात. “बेटा, दुकान में तमाशा नहीं.” मी म्हणते, “शेठ, दोन मिनिटं. मग मला कामावरून काढायचं तर काढा.” माझा आवाज चढला होता. तू असतीस तर माझा दंड धरून मला मागे ओढलं असतंस.

म्हातारबुवा उठले. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून काउंटरपर्यंत आले आणि मोठ्या आईला अगदी आदरानं म्हणाले, “बाई, माळ तुमच्या घरची हाये तं तुमाले ठाऊकच असंन. मणी किती हायेत याच्यात?” मोठ्या आईनं पुन्हा पदर सारखा केला. “बरं, तेही जाऊ द्या. याच्यात एक मणी वेगळा हाये. काय वेगळा हाये तेवढं सांगा.” ती दादाकडे बघू लागली. म्हातारबुवांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं, माळ जपमाळेसारखी बोटांतून सरकवत गेले, आणि थांबले. भिंग दादाच्या हातात दिलं. “पाहा साहेब. पान हाये? टिंब कुठं हाये? वरतं. बाकी सगळ्यायवर खालतं. हे चूक माझी हाये. साठेक वर्षाआधीची. ज्या बाईसाठी केली तिची हे नात.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, दिवाळीनंतरचे मणी, बाबांच्या खिशातलं पदक, सगळं. म्हाताऱ्या माणसाच्या संथ आवाजात.

दादानं भिंग खाली ठेवलं. तो काही वाईट माणूस नाही. त्याचे कान लाल झाले होते. पण मोठी आई हटली नाही. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, “मंग तुझ्या मायनं तवा तोंड काऊन नाई उघडलं? खरी असती तं बोलली असती. मुकाट्यानं काढून देली तिनं. मी काही हिसकली नाई.”

“बोलली असती तर त्याच रात्री आम्ही दोघी रस्त्यावर असतो, मोठी आई,” मी म्हटलं. “खोल्या कोणाच्या नावावर होत्या? तिनं तोंड नाही उघडलं, कारण मला शिकवायचं होतं. तुम्हाला ते माहीत होतं आणि मोठ्या बाबांनाही माहीत होतं, म्हणून ते खाली बघून बसले होते. तुम्ही माझ्या आईला चोर म्हणालात, ते घेऊन ती मेली. आता पोलिसात जायचं तर जा, ठशावाला इथंच आहे.”

मोठ्या आईनं काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. पण वाईट वाटून गप्प झाली असं मी म्हणणार नाही. ती हरली म्हणून गप्प झाली. मी कात्री घेतली आणि सगळ्यांदेखत दोरा कापला. मणी मखमलीवर सांडले, एक घरंगळत काउंटरखाली गेला, तो एका गिऱ्हाईक बाईनं उचलून दिला. पदक मी दादाच्या हातात ठेवलं. “हे आमचंच होतं, तुझ्या आजीनं माझ्या आईला दिलेलं. पण मला नको. तुमच्या दरवाज्याचा सूर्य तुमच्याकडे ठेव. पोरीला लग्नात घाल.”

दादानं पावतीच्या पाठीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, मणी ज्यांचे त्यांना दिले. सही केली. मग आईला म्हणाला, “चाल, उठ.” दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि मला हळूच म्हणाला, “मले ठाऊक नव्हतं.” मी म्हटलं, “आता हाये ना.” तरीही लग्नाची पत्रिका त्यानं पाठवली. मी गेले लग्नाला, माळ घालून गेले. मोठी आई मांडवात बसली होती. मी तिच्या समोरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा मुद्दाम.

शेठनी मला काढलं नाही. सहा महिने चांदीच्या काउंटरवर बसवलं, पैंजण आणि जोडवी विकायला, म्हणजे शिक्षाच. मग स्वतःच परत बोलावलं. कोणीतरी दुकानात म्हणालं की पदकाशिवाय माळ बोडकी दिसते. मला नाही दिसत. आजी म्हणत होती तसे नुसते मणी दिसतात. नवीन दोऱ्यात ओवून घेतली आणि आता कामावरही घालून जाते. लोक म्हणतात, एवढं जपून ठेवलेलं रोज कशाला वापरतेस, चोरी होईल. मी म्हणते, डाळीच्या डब्यात ठेवण्यासाठी नाही आणली मी ती.

तर असं झालं, आई. गल्लीत, नातेवाइकांत, जिथं जिथं तुझं नाव त्या गोष्टीसोबत निघत होतं तिथं तिथं मी जाऊन सांगितलं. तुझी आज्ञा मोडली आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. तुला वाटत असेल की गप्प राहून तू माझं भलं केलंस, आणि केलंसही, पण तुझ्या गप्प राहण्यानं तुझं काय झालं ते तू बघितलं नाहीस. मी बघितलं. मी ते पुढे चालवणार नाही.

एक गोष्ट उरली. ती मी कोणाला सांगितलेली नाही, आणि हा कागद कुठं जाणार नाही म्हणूनच लिहिता येते आहे. त्या गुरुवारी दुकानातून निघताना म्हातारबुवांनी मला विचारलं होतं, “तुले तुझ्या मायवर कधी शंका नाई आली?” मी ताठ मानेनं म्हटलं, “एक दिवसही नाही.” त्यांना फार बरं वाटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपार होती, तू गणवेशाच्या बाह्या शिवत होतीस. कोणत्या तरी लग्नात मोठ्या आईच्या बाजूच्या बायका मला बघून कुजबुजल्या होत्या आणि मी घरी येऊन, चपलाही न काढता, तुला विचारलं होतं, “आई, खरं सांग. तू घेतली होती का ती?” तू मशीन थांबवली नाहीस. बाही पुरी केलीस, दोरा दातानं तोडलास आणि म्हणालीस, “जेवून घे. वरण थंड होऊन राह्यलं.” तू ‘नाही’ म्हणाली नाहीस, आणि मी तेच ‘हो’ धरलं. मग हात धुतले आणि तू वाढलेलं सगळं पोटभर जेवले.